चकचकीत वाटेला टाकी

सकाळी सातला लोणावळ्यातून निघालो, तरी पाय आधीच जड झालेले.

मी हिंगोलीकडचा, नववीतून शाळा सुटलेला. इथल्या सोसायटीत देखभालीचं काम बघतो. ते मिळालं सोसायटीतल्याच माईंमुळे. अर्जसुद्धा त्यांनीच लिहून दिला होता. आणि मी काय केलं, तर बंगल्यांमधून जाणारी सगळ्यांची वाट, काळ्या दगडी फरश्यांची, मशीनने घासून चकचकीत करवली. आषाढात माई तिथेच घसरल्या. हाड जुळलंय, पण त्या बाहेर पडत नाहीत. "वाट धड झाली तर राहीन, नाहीतर लेकाकडे नागपूरला," एवढंच म्हणाल्या. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

म्हणून कमिटीने मला दुसरी फरशी बघायला धाडलं.

परंदवडीला एका गोदामाच्या आवारात खरखरीत कोबा बघितला. बाटलीतलं पाणी ओतून चाललो. पकड चांगली. पण भिंतीच्या सावलीत शेवाळ धरलेलं, तिथे माझाच पाय घसरला. राखणदार हसला, "पाव्हणं, तितं आमीबी जात न्हाई."

मागे कामशेतला आलो. एका दुकानापुढे बसवलेले सिमेंटचे ब्लॉक खालीवर झालेले, अंगठा ठेचला.

"ते आमच्या माणसांनी नाही बसवले," दुकानदार म्हणाला.

"दुकान तुमचंच ना?"

तो चहा सांगायला वळला. चहा पिता पिता म्हणाला, बेडशाला एका आबांकडे जुन्या फरश्या आहेत.

ऊन डोक्यावर घेऊन बेडशाला पोचलो. आबा अंगणात पाटा पुढ्यात घेऊन छिन्नीने टोचत होते.

"फरश्या? गेल्या इकून. बस, लय दमलेला दिसतूस."

"हे काय चाललंय?"

"टाकी लावतोय, छिन्नीनं बारीक टोचं पाडून. पाटा गुळगुळीत झाला की मिरची नुस्ती सरकती, वाटंना."

आतून आबांच्या घरच्या मावशी म्हणाल्या, "मिरची न्हाई, म्हातारंच कामातनं सरकतंय!"

मी त्या पाट्याकडे बघत राहिलो. आमच्या फरशीचाच काळा दगड.

"आबा, फरशीला लावता येईल?"

"जाड हाय न्हवं? मंग व्हय. पर टाकी लावल्यावर पयलं वाटण टाकून द्यायचं. कच असती."

मावशींनी तांदळाची भाकरी नि ठेचा वाढला. कोण कुठला मी! परतताना वाटलं, दिवसभर नवा दगड शोधत फिरलो, आणि इलाज आमच्याच दारात पडलेल्या दगडात होता.

कमिटी हो म्हणाली. आबांनी येऊन आठवडाभर टाकी लावली. मी सगळी वाट दोनदा धुतली, मग पाणी ओतून चाललो.

माई काठी टेकत आल्या, पहिल्या फरशीवर थांबल्या. दंड मी धरलेला.

"तू चालून पाहिलंस?"

"तीनदा. ओल्यावर, अनवाणी."

"मग सोड हात."

मी सोडला. पण शेवटच्या फरशीपर्यंत हात तसाच पुढे धरून मागोमाग चालत राहिलो.