टॉवेलाखालचे दोन जिल्हे

कर्णिक साहेबांनी मला फसवलं. जपानी पाहुण्यांनी नाही. हे आधीच लिहून ठेवतो, कारण अमरावतीच्या बाजारात लोक ही गोष्ट उलटी सांगतात आणि वर हसतात.

अकोल्याला स्टेशनजवळच्या एका लॉजच्या हॉलमध्ये, भर दुपारी मी एका बुटक्या टेबलासमोर मांडी घालून बसलो होतो. डाव्या हाताला कर्णिक साहेब. मुंबईच्या एका क्रीम-पावडरच्या कंपनीचे सेल्स मॅनेजर. उजव्या हाताला तनाका साहेब. त्या कंपनीने माल बनवायला शिकवण्यासाठी जपानहून आणलेले तज्ज्ञ. समोर काळ्या चकचकीत ट्रेमध्ये लहान लहान पांढऱ्या वाट्या. एकीत पांढरं, दुसरीत हिरवं, तिसरीत पुन्हा पांढरं. त्यातलं खायचं कोणतं आणि तोंडाला लावायचं कोणतं, हे मला कळत नव्हतं. मी आजूबाजूला पाहिलं. वऱ्हाडातले झाडून सगळे मोठे जनरल मर्चंट हात मांडीवर ठेवून एकमेकांकडे बघत होते.

हा सगळा घाट कंपनीने घातला होता. नवा माल जपानी पद्धतीचा, म्हणून दुकानदारांना जेवणही जपानी. एका दिवसापुरतं त्या हॉलचं जपानी रेस्टॉरंट केलं होतं. कागदाचे कंदील टांगले होते, गाद्या घातल्या होत्या, दारात चपला काढायला लावल्या होत्या. मला आधी वाटलं, यात जपानी काय आहे? आम्ही दुकानात रोज असेच बसतो.

मी कोण ते सांगतो. वरूडकडचा माळ्याचा मुलगा. वडील भाजी विकत. मी पोरवयात संत्र्याच्या दलालाकडे राबलो, मग सायकलवर बांगड्या, रिबिनी, टिकल्या विकल्या, आणि साठ सालाच्या आसपास अमरावतीत स्वतःचं दुकान टाकलं. एका स्नोच्या कंपनीची अमरावती शहराची एजन्सी माझ्याकडे होती. स्नो म्हणजे बायका तोंडाला लावत ते पांढरं क्रीम. एजन्सी म्हणजे त्या भागातल्या प्रत्येक दुकानाला तो माल तुमच्याकडूनच घ्यावा लागतो. ज्याच्याकडे एजन्सी, त्याच्या ओट्यावर बाकीचे दुकानदार येऊन बसतात. नसेल, तर तुम्ही दुसऱ्याच्या ओट्यावर. मी फार वर्षं दुसऱ्यांच्या ओट्यावर बसलो होतो. म्हणून या नव्या कंपनीची एजन्सी मला हवी होती, आणि एका शहराची नाही, चारही जिल्ह्यांची. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा.

हॉलच्या दारातच मी कर्णिक साहेबांना गाठलं.

"साहेब, चारी जिल्हे मले द्या. मी घरोघरी माल पोचवतो."

"वानखडे, आधी जेवा तर खरं," ते म्हणाले.

"जेवन कुठं पळून जाते? बोलून घेऊ."

"मग असं करा. तनाका साहेबांच्या शेजारी बसा. त्यांचं मत कंपनी मानते. त्यांच्याशीच बोला."

मला इंग्रजी दुकानदारीपुरतं येत होतं, तनाका साहेबांना त्याहून थोडं जास्त. बोलायचं कसं, हा विचार करतच मी बसलो. आणि समोर त्या वाट्या आल्या.

शेवटी मी मोठ्याने विचारलं, "काहो साहेब, हे खाचं का लावाचं?"

सगळा हॉल हसला. पण कर्णिक साहेब सांगू लागले, तेव्हा सगळ्यांनीच नीट ऐकून घेतलं. पांढरी चौकोनी वडी खायची होती, ती सोयाबीनच्या दुधाचं पनीर. दुसरं पांढरं म्हणजे क्रीमचं सॅम्पल. हिरवं खायचं, पण नखाएवढंच. अकोल्याच्या डोंगरे शेठनी ते हिरवं चटणीसारखं बोटाने उचलून जिभेवर ठेवलं. डोंगरे शेठ म्हणजे अकोल्यातले सर्वांत मोठे व्यापारी, स्वतःची दोन गोदामं. त्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या.

"बाप्पा! डोक्यातून धूर निघून राह्यला राजेहो!"

भाताचे मुटके होते, त्यांना काळ्या कागदासारखं काहीतरी गुंडाळलेलं. ती समुद्रातली वनस्पती, असं कर्णिक साहेब म्हणाले. मला तो कार्बन पेपर वाटला. दोन काड्यांनी खायचं होतं. मी काड्या ट्रेवर ठेवल्या आणि हाताने खाल्लं. कच्ची मासळी मुंबईतच ठेवली आहे, असं सांगितल्यावर आम्ही सर्वांनी त्यांचे आभार मानले.

पण हे सगळं नंतर. जेवणाच्या आधी टॉवेल आला होता, आणि गोष्ट तिथेच घडली.

ती समजायला एक रीत सांगायला हवी. आमच्याकडे संत्र्याचा बहार, बैल, कापूस यांचा सौदा तोंडाने होत नसे. दोघे समोरासमोर बसत, हातांवर दुपट्टा किंवा टॉवेल टाकत, आणि खाली एकमेकांची बोटं धरून आकडा सांगत. चार बोटं धरली तर चार. समोरच्याला परवडलं नाही, तर तो उलट दोन धरतो. बाहेरच्याला काही दिसत नाही. याला हत्ता म्हणतात. हत्त्याला कागद नसतो, पण तिथे दिलेला शब्द मोडणाऱ्याला बाजारात पुन्हा कोणी उभं करत नाही. मी याच शाळेत शिकलो.

तर वेटरने माझ्या आणि तनाका साहेबांच्या मधे एक वाफाळलेला पांढरा टॉवेल आणून ठेवला. तनाका साहेबांनी तो उलगडला, आपल्या दोन्ही हातांवर पसरला आणि माझ्याकडे बघून हसले.

मला काय वाटणार? मला वाटलं, कंपनीने या माणसाला आपली रीत शिकवून आणलं आहे. मला फार बरं वाटलं. माणूस दूर जपानहून आला आणि वरूडच्या बाजारासारखा बसला. मी टॉवेलाखाली हात घातला आणि त्यांची चार बोटं घट्ट धरली. चार जिल्हे.

ते दचकले. माझ्याकडे बघितलं. मग कर्णिक साहेबांकडे बघितलं. कर्णिक साहेब हसले आणि त्यांनी मान हलवली. तनाका साहेबांनी हात सोडवला नाही. थोडा वेळ विचार केल्यासारखे थांबले, मग माझी दोन बोटं धरली, हलकेच दाबली आणि बसल्या जागी कमरेतून वाकून नमस्कार केला.

दोन जिल्हे. मी मनात हिशोब केला. चारचे दोन होणार हे मला ठाऊकच होतं, म्हणून तर मी चार मागितले होते. मीही वाकलो.

जेवण उरकल्यावर मी कर्णिक साहेबांना सांगितलं, आणि मोठ्याने सांगितलं, "साहेब, दोन जिल्ह्यांवर झालं. अमरावती आन् अकोला. टॉवेलाखाली पक्कं केलं पाहुण्यानं."

ते म्हणाले, "वा! मग लागा कामाला. सॅम्पल घेऊन जा. आणि वानखडे, ती जुनी स्नोची एजन्सी सोडा. एका दुकानात दोन कंपन्यांच्या लाइन आमच्याकडे चालत नाहीत."

हे शब्द मी आजही तसेच सांगू शकतो. शेजारी डोंगरे शेठ होते. अजून डोळे पुसत होते, पण कान उघडे होते.

घरी आलो. आमच्या दुकानाचा नियम असा, की नवा माल आधी घरात वापरायचा. आमच्या सौभाग्यवती वापरून बघत, मगच तो कपाटात जाई. तिने क्रीम लावलं, वर डबीतली दाबलेली पावडर लावली, आरशात बघितलं.

"काहो, यात मी कुठं हावो? नुसती पावडर दिसून राह्यली."

"थोडी लाव ना."

"थोडी म्हंजे किती? आन् हे लाल ओठाले लावाचं का गालाले?"

ते मलाही माहीत नव्हतं. लाल दोन तऱ्हेचं होतं. एक कांडी, एक डबी. आम्ही दोघांनी बसून ठरवलं, की कांडी ओठाला आणि डबी गालाला. पुढे ते बरोबर निघालं. क्रीम मात्र तिला पहिल्याच आठवड्यात आवडलं. थंडीत तिचे गाल फुटत, ते फुटले नाहीत. तिने मग विचारलं, "एजन्सीचा कागद देल्ला का त्याईनं?"

"हत्त्याचा सौदा हाये. कागद कायले पाह्यजे?"

"मुंबईच्या लोकाले हत्ता समजते का?"

"जपानच्याले समजला, मुंबईच्याले काहून नाई समजनार?"

ती डबी बंद करून आत गेली. ती अशी उठून गेली की मला राग येतो. मी दुसऱ्याच दिवशी स्नोची एजन्सी सोडली.

मग मी लाइन फिरलो. लाइन फिरणं म्हणजे सॅम्पलची पेटी घेऊन एकेका दुकानात जाणं, माल दाखवणं, ऑर्डर बोलून घेणं. बडनेऱ्याला रेल्वेवाल्यांच्या क्वार्टरमध्ये गेलो. वलगावला गेलो. अकोल्याची सगळी दुकानं पायी फिरलो. दुकानदार विचारत, हे लावल्यावर तोंड धुवायचं का? बायका विचारत, यात मासळी तर नाही ना? कारण जेवणाची बातमी सगळीकडे पोचली होती. मला बघितलं की लोक ओरडत, "वानखडे, हे खाचं का लावाचं?" मी चिडायचो, पण सॅम्पल उघडून दाखवायचो. सौभाग्यवती हळदीकुंकवाला डबी घेऊन जायची आणि बायकांच्या हाताच्या पाठीवर क्रीम लावून दाखवायची. उन्हाळ्याच्या तोंडावर अशी वेळ आली की गिऱ्हाईक नाव घेऊन क्रीम मागू लागलं. आता फक्त माल यायचा होता.

माल आला. तो अकोल्याला डोंगरे शेठच्या गोदामात उतरला.

मला एका हमालाने सांगितलं. मी मिळेल त्या गाडीने अकोल्याला गेलो. डोंगरे शेठच्या गादीवर कर्णिक साहेब लोडाला टेकून चहा पीत बसले होते. मागे खोक्यांची रास.

"साहेब, हा माल इथं कसा?"

"या वानखडे, बसा. डोंगरे शेठ आपले वऱ्हाडचे सोल एजंट. तुम्ही अमरावतीसाठी माल यांच्याकडून उचला."

"मी याईच्याकडून उचलू? मले दोन जिल्हे देल्ले होते तुमी!"

"कोणी दिले?"

"तनाका साहेबानं. टॉवेलाखाली. तुमच्यासमोर."

कर्णिक साहेब हसले. चहा सांडेपर्यंत हसले. "अहो, तो हात पुसायचा टॉवेल होता! जपानी लोक जेवणाआधी गरम टॉवेलाने हात पुसतात."

खोकी दिसत होती, हसणं ऐकू येत होतं, पण डोक्यात सगळं गोल फिरत होतं. मग एक गोष्ट जागेवर बसली.

"तुमाले तवाच मालूम होतं?"

"काय?"

"का तो हात पुसाचा टॉवेल होता."

"अर्थात."

"मंग मी दोन जिल्हे म्हनलं, तवा सांगतलं काहून नाई? उलटं, जुनी एजन्सी सोड म्हनलं!"

त्यांनी कप खाली ठेवला. "मला वाटलं तुम्ही गंमत करताय."

"गमतीनं कोनी आपलं दुकान रिकामं करते का?"

डोंगरे शेठ मधे पडले. "भाऊ, बस. चिडू नको. लाइन तू फिरला, मी कबूल करतो. पन गोदाम माह्यं हाये. कंपनीले गोदाम पाह्यजे." आणि मग, मला घालवायचं म्हणून असेल, म्हणाले, "तनाका साहेब उद्या नागपूरहून मेलनं मुंबईले चालला. जाय, त्यालेच इचार."

मी गेलो. शेजारचे देव मास्तर हायस्कुलात इंग्रजी शिकवत. त्यांना घेऊन बडनेरा स्टेशनवर उभा राहिलो. मेल आली. तनाका साहेब खिडकीत होते. मला बघताच त्यांचा चेहरा खुलला. ते लगबगीने खाली उतरले, खिशातून रुमाल काढला, माझ्या हातावर पसरला आणि खालून माझी दोन बोटं धरली. मग वाकले.

मास्तरांनी मला विचारलं, "हे काय चाललंय?"

"इचारा त्याईले, हे काय हाये म्हनून."

मास्तरांनी विचारलं, त्यांनी सांगितलं, मास्तरांनी मला सांगितलं. "ते म्हणतात, ही तुमच्याकडची जेवणाआधीची भेटीची पद्धत ना? तुम्ही शिकवलीत. त्यांना फार आवडली. नागपूरला त्यांनी प्रत्येक व्यापाऱ्याचा हात असाच धरला."

"आन् दोनच बोटं काहून?"

मास्तरांनी पुन्हा विचारलं. "टॉवेल गरम होता म्हणून, म्हणतात."

नागपूरच्या व्यापाऱ्यांना किती जिल्हे मिळाले, हे विचारायचं राहून गेलं. गाडीने शिटी दिली. एजन्सीचं त्यांना काही ठाऊकच नव्हतं. एजन्सी देणं त्यांचं कामच नव्हतं. ते क्रीम ढवळायला शिकवायला आले होते. मला त्यांच्यावर रागावता आलं नाही. मी त्यांना संत्र्यांची करंडी दिली आणि हात जोडले.

जुनी एजन्सी तोवर दुसऱ्याला गेली होती. डोंगरे शेठकडून माल उचलायला मी नकार दिला. पुढे मी एका तेलाची एजन्सी मिळवली आणि उभा राहिलो. पण त्या उन्हाळ्यात बायका माझ्या दुकानात येऊन ते क्रीम मागत, आणि मी त्यांना चौकापलीकडच्या दुकानात पाठवत असे. त्यांतल्या कितीतरी जणींच्या हातावर ते क्रीम पहिल्यांदा माझ्या बायकोने लावलं होतं.

धंद्यात मी यातून एवढंच घेतलं, की कोणी टॉवेल पुढे केला तर मी आधी हात पुसतो, मग सौदा बोलतो. आणि कागद मागतो.

पण हिशोब तिथे संपत नाही. त्या टेबलावर तनाका साहेबांना हत्ता ठाऊक नव्हता आणि मला तो टॉवेल ठाऊक नव्हता. आम्हा दोघांच्या मधलं सगळं समजणारा तिथे एकच माणूस बसला होता, आणि तो मान हलवून हसला. कर्णिक साहेब मुंबईत आहेत, ठणठणीत आहेत, मराठी वाचतात. "अहो वानखडे, हात पुसा" एवढं त्या दुपारी त्यांना का म्हणता आलं नाही, याचं उत्तर त्यांनी द्यावं. मला नको. माझ्या बायकोला द्यावं.