डब्यावरची सही

माझं पोट संशयावर भरतं. तारापूरच्या एका कारखान्यात मी लॅबमध्ये आहे. ड्रममधून माल येतो, सोबत कागद येतो, आणि कागदावर लिहिलेलं असतं की माल एकदम शुद्ध. त्यावर विश्वास ठेवायचा असता तर मला पगार कशाला दिला असता? मी नमुना काढते, तपासते आणि थोडा बाटलीत भरून राखून ठेवते. झाकणावर चिकटपट्टी, अर्धी पट्टीवर आणि अर्धी बाटलीवर येईल अशी सही, तारीख, वेळ. पुढे कधी बाटली उघडावी लागली तर जुनी पट्टी जपून ठेवायची, नवी लावायची आणि का उघडली ते लिहायचं. सोळा वर्षं हेच करतेय. घरी आल्यावर हा स्वभाव चपलांबरोबर दाराबाहेर काढून ठेवता येत नाही.

चाळिशी जवळ आली तेव्हा मला पळायचं खूळ लागलं. आधी पाच किलोमीटर, मग दहा, मग एकवीस, आणि मागच्या वर्षी मी बेचाळीसच्या शर्यतीत नाव घातलं. चारला उठायचं, साडेचारला सरावलीतल्या घरून निघून चिंचणीच्या रस्त्याला लागायचं, सहाला परत. मग डबे, आंघोळ, साडेसातची कंपनीची बस. संध्याकाळी घरी आलं की लेकीचा अभ्यास. नवरा दुसऱ्या पाळीला, तो अकरा वाजून गेल्यावर येणार आणि त्याला गरम वाढल्याशिवाय मला चैन पडत नाही. झोप किती उरते ते तुम्हीच बघा.

हे सगळं चालत होतं ते सासूबाईंच्या जिवावर. लेकीची वेणी, तिची शाळेची रिक्षा, भाकऱ्या, पहाटे चारला नळाला येणारं पाणी, सगळं त्यांच्याकडे. त्या नसत्या तर पळणं सोडाच, नोकरीसुद्धा महिनाभर टिकली नसती. मला हे पक्कं माहीत होतं. तोंडाने मात्र एकदाही बोलले नाही.

आणि मग गजर वाजेनासा झाला.

पहिल्यांदा पावणेसहाला जाग आली तेव्हा वाटलं, लावायचाच राहिला असेल. दोन दिवसांनी पुन्हा तेच. आदल्या रात्री गजर लावला होता, दोनदा बघितला होता, आणि सकाळी तो चक्क बंद. माझ्या मनात पाल चुकचुकली. नवऱ्याला विचारलं, तर म्हणाला, "अगं, माझ्या कानाशी बँड वाजवला तरी मी उठत नाही, तुझा गजर मी कशाला बंद करू?" हे खरं होतं. लेक नऊ वर्षांची, तिला सकाळी ओढून काढावं लागतं. मग राहिलं कोण?

चारला जागं असणारं घरात एकच माणूस होतं.

एकदा त्या दिशेला डोकं गेलं की पुरावेच पुरावे सापडायला लागले. रोज सकाळी सासूबाई विचारायच्या, "किती येळ झोपलीस गं?" मला तो टोमणा वाटायचा. माझं पळणं चुकलं त्या दोन्ही दिवशी गवती चहा घातलेला चहा आयता हातात आला होता. एरवी मी परत येईपर्यंत त्या आधण ठेवत नाहीत. मग त्याच दिवशी एवढी माया कशाला? शिवाय त्या माझ्याकडे बघायच्या आणि मी बघितलं की नजर वळवायच्या. मी फोन उशाशी ठेवायचा सोडून स्वयंपाकघरात, फळीवर डब्यांच्या मागे ठेवला. दुसऱ्या दिवशी तिथेही गजर बंद! डब्यांमागचा फोन लेकीला किंवा नवऱ्याला सापडणं शक्यच नव्हतं. त्यांना तर आपला चहाचा डबाही सापडत नाही.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. शर्यतीला पाच आठवडे उरलेले आणि माझं आठवड्यातलं तिसरं पळणं बुडालेलं. शुक्रवारी सकाळी, पोळ्या लाटता लाटताच मी विचारलं, "आई, माझा फोन कोण बंद करतं?"

त्या लेकीच्या केसांना तेल लावत होत्या. हात थांबला. "मना काय इचारतेस?" म्हणाल्या आणि मान खाली घातली.

मान खाली घातली म्हणजे झालंच की कबूल! मी लाटणं आपटलं. म्हटलं, "पळू नको म्हणायचं असेल तर तोंडावर म्हणा. असं चोरून कशाला? माझं काही चांगलं झालेलं तुम्हाला बघवतच नाही."

लेक माझ्याकडे बघतच राहिली. सासूबाईंनी वेणी पूर्ण केली, रिबीन बांधली, दोनदा ओढून बघितली. मग गॅलरीत जाऊन त्यांनी माझ्या नणंदेला सफाळ्याला फोन लावला. "रईवारी येते गं तुज्याकडं. ऱ्हायला." किती दिवस, ते सांगितलं नाही. नवऱ्याने रात्री मला एवढंच विचारलं, "आई गेली तर कसं करणार आहेस?" मी म्हटलं, "आधी खरं काय ते बाहेर येऊ दे." मला अजून जिंकायचं होतं.

रविवारी बत्तीस किलोमीटर पळायचे होते. पालघरच्या, माझ्यासारख्याच पळणाऱ्या चार बायका साडेचारला रस्त्यात भेटणार होत्या. शनिवारी जेवणं झाल्यावर मी गजर लावून फोन स्टीलच्या डब्यात घातला. त्यात तो जास्तच घुमतो, आधी करून बघितलं होतं. झाकणावर लॅबमधली चिकटपट्टी लावली, अर्धी पट्टीवर अर्धी डब्यावर सही केली, तारीख घातली, वेळ घातली. रीळ आणि पेन तिथेच राहिलं. आता उघडा म्हटलं, बघू कशा उघडता ते!

जाग आली तेव्हा खिडकीत उजेड होता. मला चक्क आनंद झाला. धावतच स्वयंपाकघरात गेले. डब्यावर पट्टी होती, सही होती. क्षणभर काही कळेना. मग दिसलं की जुनी पट्टी नीट गुंडाळून शेजारी ठेवलीय. डब्यावरची पट्टी नवी होती. तिच्यावर तारीख होती, वेळ होती, चार वाजून चार मिनिटं, आणि खाली लिहिलं होतं, "तपासणीसाठी उघडले." अक्षर माझं. सही माझी. शेवटची रेघ मी नेहमी जरा वर ओढते, तीसुद्धा तशीच.

मी जुनी पट्टी उलगडून नवीच्या शेजारी धरली. मला यातलं काहीही आठवत नव्हतं. पहिली भीती वाटली ती घरची नव्हे, लॅबची. गेल्या पंधरा दिवसांत रजिस्टरमध्ये मी किती सह्या केल्या होत्या? त्यातल्या किती जागेपणी? सोमवारी साहेबांना सांगून ते सगळे राखीव नमुने मी पुन्हा तपासले. निकाल बरोबर निघाले, पण त्यातले दोन मी आधी तपासल्याचं मला आजही आठवत नाही.

त्या सकाळी मात्र मी डबा तसाच उचलून बाहेर गेले. सासूबाई लुगडं नेसून, पिशवीला गाठ मारून तयार होत्या. मी डबा त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी नीट बघितलंही नाही.

"ठाव हाय मना," म्हणाल्या. "पयल्या दिवसापासनं ठाव हाय. मी पानी भरते तवा तू झोपेतच उटतेस. डोले उगडे, पन वलक नाय. गॅसजवल जातेस म्हनून मी मागं उबी ऱ्हाते. परत निजलीस का मंग जाते."

"दर वेळी?"

"दर टायमाला."

माझे डोळे भरून आले आणि रागही आला. "मग सांगितलं का नाही मला? मी एवढं नाही नाही ते बोलले, तेव्हा तरी सांगायचं!"

"सांगितलं असतं तर पटलं असतं तुला?" त्या शांतपणे म्हणाल्या. "म्हनाली असतीस, म्हातारी स्वताचं पाप माज्यावर ढकलते. आता पटतंय, कारन सई तुजी हाय."

खाली रिक्षावाल्याने हॉर्न दिला. मी म्हटलं, "पटलं असतं, आई." ते खोटं होतं, आणि ते आम्हा दोघींनाही माहीत होतं. त्यांनी पिशवी उचलली, माझ्या गालाला हात लावला, "नीज आता जरा," म्हणाल्या आणि जिना उतरून गेल्या.