आईच्या वॉर्डातलं घरटं

२००६ च्या जानेवारीत आई अमेरिकेत, मॉरिसव्हिलला आमच्याकडे आली आणि तिसऱ्याच आठवड्यात म्हणाली, "माझं परतीचं तिकीट अलीकडचं कर. इथं माझा कुणाला काय उपयोग?" साताऱ्याच्या सरकारी इस्पितळात पस्तीस वर्षं ती बाळंतपणाच्या वॉर्डात नर्स होती. रिकामं बसणं तिला माहीतच नव्हतं. मी दिवसभर ऑफिसात. तिचं म्हणणं पटत होतं, तरी मला रडू आलं. ती जूनपर्यंत राहणार म्हणून मी वर्षभर वाट पाहिली होती.

घरामागच्या तळ्याकाठी उंच पाइनवर बाल्ड ईगलचं, म्हणजे शब्दशः टकल्या गरुडाचं, घरटं होतं. मन रमावं म्हणून तिला तिथं नेलं. "टकला कुठला? डोकं पिकलंय नुसतं, माझ्यासारखं," एवढंच म्हणाली. पण दुसऱ्या दिवसापासून एकटीच जाऊ लागली. सकाळी आठला आणि दुपारी चारला, अगदी राउंडला गेल्यासारखी.

तिथं एक म्हातारे अमेरिकन गृहस्थ मोठी दुर्बीण लावून घरट्याची नोंद ठेवत. आईलाही बघू देत. मार्चातल्या एका शनिवारी मी सोबत होते. आई दुर्बिणीतून बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "बाळं आलीत."

मी इंग्रजीत सांगितलं. गृहस्थ हसले. अजून आठवडा तरी आहे, म्हणाले.

"त्यांना सांग, कालपर्यंत ही बाई घट्ट बसत होती. आज अंग उचलून बसलीय, सारखी खाली बघतेय. मी काय बाळंतिणी कमी पाहिल्यात?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात नर मासा घेऊन आला. मादीनं त्याचा बारीक तुकडा तोडला आणि हळूच चोच खाली नेली. गृहस्थांनी दुर्बिणीतून पाहिलं, टोपी काढली आणि वहीत त्या दिवसाच्या नोंदीपुढे आईचं नाव लिहिलं. माझी छाती अशी फुगली की जणू अंडी मीच उबवली होती.

परतताना मी मुद्दाम विचारलं, "एजंटला फोन करू ना? या महिन्याचं तिकीट मिळेल."

"वेडी आहेस का? पिल्लं उडाल्याशिवाय डिस्चार्ज नाही."

दोन्ही पिल्लं उडाली, मगच ती जूनमध्ये गेली.

पुढच्या मार्चात एका सकाळी तेच गृहस्थ आमच्या दारात उभे. चेहरा उतरलेला. म्हणाले, "मादी सारखी उठबस करतेय. काय झालंय मला कळत नाही. तुमच्या आईला विचाराल का?"

साताऱ्यात दिवेलागण झाली असेल. मी फोन लावला, दोघांचं एकमेकांना सांगता यावं म्हणून स्पीकर चालू केला आणि त्यांच्याच हातात दिला.