दसऱ्याला धुतलेले टॅपेट

साकोलीच्या तहसील कार्यालयासमोर अर्ज लिहून द्यायचे माझे टेबल आहे. वाऱ्याने कागद उडू नयेत म्हणून मी त्यांच्यावर ट्रॅक्टरच्या इंजिनातला एक जुना टॅपेट ठेवतो. उलटा उभा केला की तो पावसाळ्यातल्या सात्यासारखा, म्हणजे अळंबीसारखा दिसतो. खाली दांडा, वर चपटे डोके. पक्षकार विचारतात, "हे काय जी?" मी सांगतो, "पुरावा." कशाचा, ते सांगत नाही. आता तो कशाचाच पुरावा राहिलेला नाही.

माझे शिक्षण नववीपर्यंतच झाले. परंतु अर्जात कोणते विधान आधी यावे आणि कोणत्या विधानास कोणता पुरावा लागतो, हे मी कोणा पदवीधरास विचारत नाही. पदवीधर मला विचारतात. घरात मात्र या विद्येची कदर कधी झाली नाही.

सानगडीला माझे थोरले भाऊ शेती करतात आणि आम्हा दोघांच्या मालकीचा ट्रॅक्टर चालवतात. मागच्या साली त्याचे इंजिन नव्याने बांधून दिले ते भाटव्यांनी, म्हणजे आमच्या धाकट्या बहिणीच्या यजमानांनी. गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात त्यांचे गाव गेले, तेव्हा पुनर्वसनाच्या नव्या गावठाणात त्यांनी गॅरेज टाकले. कॅमशाफ्ट नवा, टॅपेट नवे, असे त्यांनी आमच्या अंगणात उभे राहून सर्वांसमोर सांगितले होते. पुढच्याच चिखलणीत इंजिनातून टकटक ऐकू येऊ लागली आणि ट्रॅक्टर धानाच्या बांधीत दम सोडू लागला.

भाटव्यांनी फोनवरच निकाल दिला, "मोठे भाऊ ऑइल बदलवत नाहीत, दुसरं काय!"

हा आरोप खोटा होता. भाऊ ऑइल वेळेवर बदलतात आणि काढलेले काळे ऑइल बैलबंडीच्या आसाला घालतात. आमच्या बंडीचा आस मी कधी कोरडा पाहिला नाही. तरी भाऊ भाटव्यांना एक शब्द बोलले नाहीत. जावयाची चूक काढायची नाही, ही आमच्या घरची रीत. चूक कोणाची हे सिद्ध झाल्याशिवाय भावांच्या नावावरचा डाग जाणार नव्हता. सबब, मी स्वतः साकोलीहून मिस्त्री नेला.

मिस्त्री तोंडाळ होता. गोठ्यात इंजिन खोलून त्याने कॅमशाफ्ट पोत्यावर आडवा ठेवला आणि ज्या उंचवट्यावर जो टॅपेट बसत होता, तो त्याच्यासमोर मांडला. त्या उंचवट्याला तो लोब म्हणे. लोब फिरतो आणि टॅपेटला उचलतो. दोघे जन्मभर एकमेकांना घासतात.

"पाहा जी वकीलसाहेब," एक टॅपेट हातात घेऊन तो म्हणाला, "याचं बूड जरासं फुगीर पायजे. हे त वाटी झाली." मग त्याने समोरच्या लोबवर बोट फिरवले. "अन् हा लोब कसा कोरा हाय! हे दोघं संगंच झिजतात, नवराबायकोवानी. एक म्हातारा अन् एक जवान दिसला, त समजा, म्हातारा दुसऱ्या घरून आला."

"म्हणजे जुने टॅपेट बसवले?"

"ऑइलनं झिजलं असतं त दोघंही झिजले असते. पण एका जोडीवरून कोणावर आळ घेऊ नये. सगळ्या जोड्या पाहू. उद्या दसरा, उद्या मी पान्याले हात लावत नाही. परवा पाहू."

भाऊ दारात बसून बिडी ओढत होते. त्यांनी एवढेच विचारले, "अन् ही लाइन बिघडली त?"

"त मंग देवच सांगल."

मी मोबाइलवर त्या मांडणीचा फोटो घेतला, कोणी हात लावू नये अशी ताकीद दिली आणि पंच ठरवायला साकोलीला परतलो. अर्जाचा मसुदा डोक्यात तयार होता.

तिसऱ्या दिवशी मिस्त्री आणि दोन प्रतिष्ठित पंच घेऊन मी गोठ्यात शिरलो. कॅमशाफ्ट पाटावर होता. त्याच्याभोवती सगळे टॅपेट गोलाकार मांडलेले, डिझेलने धुऊन लखलखीत केलेले, प्रत्येकाला हळदकुंकू, मधे झेंडूच्या पाकळ्या. वहिनी कौतुकाने म्हणाल्या, "कसं दिसून राहिलं, भाऊजी? यायनं काल पहाटंच उठून धुतले."

मिस्त्री खोऽखो हसला. "वकीलसाहेब, तुमचे साक्षीदार त आंघोळ करून गोल बसले जी!"

पंचही हसले. मी मोबाइल काढला. फोटोत सगळे टॅपेट अगदी एकसारखे. कोणता कोणत्या लोबसमोरचा, हे त्यावरून ब्रह्मदेवालाही सांगता आले नसते. मिस्त्रीने हात झटकले. जुने टॅपेट, एवढे तो तोंडाने म्हणेल. कागदावर सही करणार नाही.

पंच चहा पिऊन गेल्यावर मी भावांना गाठले. "काहून केलं असं?"

"दसऱ्याले यंत्राची पूजा करू नाही काय?"

"आजवर सुट्या पार्टांची पूजा कधी केली होती?"

ते बोटांची हळद धोतराला पुसत राहिले. मग म्हणाले, "तू हे कुठी नेणार होता?"

"ग्राहक मंचात."

"अन् बाई कुठी जाईल?" बाई म्हणजे आमची बहीण. "तिचं एक घर पान्यात गेलं, लहान्या. दुसरं तुह्या कागदात घालू काय?"

माझ्या कागदाने आजवर कोणाचे घर बुडवलेले नाही. लोकांची बुडालेली घरे मी कागदावर वर काढली आहेत. आणि हा कागद मी त्यांच्याच नावासाठी लिहिणार होतो.

मिस्त्रीने नवा कॅमशाफ्ट आणि नवे टॅपेट बसवून इंजिन बांधले. धान कापणीपर्यंत गावभर झाले की मोठा भाऊ ऑइल न पाहता ट्रॅक्टर हाकतो. पानठेल्यावर टोमणे मारले तरी भाऊ हसून घेत.

भाऊबीजेला बहीण आली, भाटवेही आले. त्यांनी ट्रॅक्टरभोवती फेरी मारली, ऑइलची पट्टी ओढून बोटाने पुसली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले, "आता कसं साफ हाय! आधीच असं ठेवलं असतं त? जी मोठे भाऊ?"

"हो जी, चुकलंच," भाऊ म्हणाले.

मी तोंड उघडले. माझ्याकडे न पाहताच भाऊ म्हणाले, "लहान्या, पाटावर बस. बाई आरती घेऊन उभी हाय."

मी बसलो. बहिणीने कुंकू लावले, ओवाळले आणि वाकून हळूच म्हणाली, "दादा, तू तरी मोठ्या भाऊले ऑइलचं सांगत जा न. यायले किती वाईट वाटलं माहीत हाय काय!"

मी हो म्हणालो. वर नमूद केलेला टॅपेट त्या वेळी माझ्या खिशात होता.