टिकलीच्या पलीकडच्या पट्ट्या

आमच्या घरातल्या पियानोच्या एका पट्टीवर माझ्या बायकोची टिकली चिकटवलेली आहे. उजव्या टोकाकडून, काळ्या-पांढऱ्या सगळ्या धरून, दहावी पट्टी. येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटतं, नजर लागू नये म्हणून लावली असेल. मी तसं वाटू देतो. खरं म्हणजे ती माझ्या कानाची खूण आहे. टिकलीच्या उजवीकडे मला काहीच ऐकू येत नाही.

मी पेटीवाला. भजनं, लग्नं, विहारातले कार्यक्रम, शाळांची गॅदरिंगं, आणि दिवाळीनंतर गावोगावच्या मंडईत, म्हणजे जत्रेत, होणारी नाटकं, सगळं आयुष्य पेटीच्या भात्यावर गेलं. मंडई लागली की दोन-तीन महिने मी घरी फक्त कपडे बदलायला यायचो. मला दुसरं काहीही येत नाही. सायकलचं पंक्चरसुद्धा आमच्याकडे बायको काढते.

तर झालं असं, की पेटीचा आवाज बसला. वरचे सूर पार दबले, घोंगडीखालून आल्यासारखे. गोंदियात बाजारात एक म्हातारा पेट्या दुरुस्त करतो, त्याच्याकडे नेली. त्याने सूर साफ केले. फरक नाही. पुन्हा नेली, पुन्हा नाही. तिसऱ्यांदा मी दुकानात उभा राहून ओरडलोच, की तू माझ्या पेटीची माती केलीस. म्हातारा चष्म्यावरून बघत म्हणाला, “मास्टरजी, पेटी तो चकाचक है. आप एक बार कान का मैल निकलवा लो.” मी पेटी उचलली आणि मुर्रीपर्यंत, म्हणजे घरापर्यंत, त्याला शिव्या देत आलो.

त्या रागातच पियानो मागवला. ऑनलाइन. मधोमध घडी पडणारा, पाठीवरच्या पिशवीत मावणारा, चार्जिंगवर चालणारा. नाटक कंपनीचा मालकही मागे लागला होता की मास्तर, आता पब्लिकला पियानो पाहिजे. खोका फोडला तो उन्हाळ्याचा दिवस होता, पंख्याखाली चटईवर मी आणि बायको. अठ्ठ्याऐंशी पट्ट्या! पेटीला साडेतीन सप्तकं, याला सातांहून जास्त. बटणं दाबत सुटलो. बासरी, गिटार, चर्चमधला ऑर्गन, शेकड्यावर आवाज. एका नंबरावर हेलिकॉप्टर निघालं, एकावर चक्क टाळ्या.

बायको म्हणाली, “चला, आता मंडईले कोनी नाई आलं तरी जमते. टाळ्या यातच हायेत.”

माझ्या अंगात मास्तर संचारला होता. मी तिला एक-एक गोष्ट शिकवली. हे ताल धरायचं, दिवा लुकलुकतो. हे आपलं वाजवलेलं आपल्यालाच ऐकवायचं. आणि हे बघ, हे एकदा दाबलं की अख्खा पियानो एका पट्टीने खाली येतो. दोनदा दाबलं की दोन. पट्टी तीच, बोट तेच, आवाज खालचा. गाणाऱ्या बाईचा घसा बसला असेल तर याने झाकता येतं, लोकांना पत्ता लागत नाही. बंद करून सुरू केला की पुन्हा होता तसा. ती आशा ताई आहे, आरोग्य खात्याची, दिवसभर मोबाइलवर माहिती भरते, तिला असल्या गोष्टी एकदा सांगितल्या की पुरे.

मग मी उजव्या टोकाकडे गेलो. कधी न पाहिलेल्या मुलखात निघाल्यासारखा, मोठ्या हौसेने. शेवटच्या पट्ट्या नुसत्याच टक, टक वाजल्या. प्लॅस्टिकवर बोट आपटल्याचा आवाज, बाकी काही नाही. सहा पट्ट्या मुक्या.

आठवडाभर मी ऑनलाइनवाल्यांच्या फोनवरच्या पोरीशी भांडलो. बिचारीने बदलून दिला. दुसरा आला, घडी उघडली आणि आधी उजवं टोक गाठलं. टक. टक. टक. त्याच सहा. मी असा भडकलो की खोका लाथेने ओसरीत उडवला.

बायको वहीत कसल्या तरी याद्या करत बसली होती. मान वर करून म्हणाली, “अवो, वाजून तर राहिलं.”

“काय वाजून राहिलं?”

“तेच. बारीक. माझ्या थर्मामीटरवानी.”

मी तिला वाजवायला लावलं आणि स्पीकरला कान टेकवला. ती बोट दाबायची आणि मी तिच्या तोंडाकडे पाहायचो. तिला ऐकू येत होतं. थट्टा करत असती तर माझ्या लक्षात आलं असतं. मी म्हणालो, पुन्हा. ती दाबत गेली, मी पुन्हा पुन्हा म्हणत गेलो, आणि मग तिनेच हात मागे घेतला. थर्मामीटरचा आवाज म्हणाली तेव्हाच मला आठवलं होतं. महिनाभर आधी मीच तिला सांगितलं होतं, तुझा थर्मामीटर बिघडला, आता वाजत नाही. तिने तो माझ्या सांगण्यावरून बदलून आणला होता, आणि नवाही वाजत नाही म्हणून मी तिच्यावर हसलो होतो.

नाचता येईना अंगण वाकडं, असं मी किती पोरांना म्हणालो असेन. त्या म्हाताऱ्याची माफी मागायला पाहिजे. अजून गेलो नाही.

डॉक्टरांनी काचेच्या खोलीत बसवून तपासलं. शिरा सुकत चालल्या, म्हणाले. वरचे आवाज आधी जातात, मग हळूहळू खालचे. गेलेले येत नाहीत. कानात घालायची मशीन दिली. तिने माणसांचं बोलणं बरंचसं कळतं, पण पेटी वाजवली की डब्यात खडे हलवल्यासारखं होतं. मी मशीन काढून ठेवतो.

मी घाबरलो. आंधळा माणूस पेटी वाजवतो, मी दोघे पाहिलेत. बहिरा पेटीवाला मी पाहिलेला नाही.

रोज उठून आधी पियानो उघडायचा आणि उजवीकडून मोजत यायचं, असं सुरू झालं. जिथे पहिला सूर ऐकू येईल तिथे बायकोच्या पाकिटातली टिकली लावायची. उन्हाळ्यात ती सातवीवर होती. भाताची रोवणी सुरू झाली तेव्हा नववीवर. शेताच्या बांधीतून सारसाची आरोळी यायची तेवढी स्वच्छ ऐकू यायची, पण अंगणातल्या चिमण्या नुसत्या चोची उघडायच्या. मी सगळं केलं. लसणाचं तेल घातलं, एकाने सांगितलेली मुळी उगाळली, उपास केले, ज्या देवाला कधी हात जोडले नव्हते त्यालाही जोडले. आणि राग सगळा बायकोवर. तोंडातल्या तोंडात कायले बोलतेस? स्पष्ट बोलायला पैसे पडतात का? ती स्पष्टच बोलत होती हो. माझ्याच कानापर्यंत अर्धे शब्द पोचत नव्हते.

शेवटी एक दिवस तिने पियानोची घडी मिटली आणि पिशवी स्वतःच्या मांडीवर घेऊन बसली. “रोज रोज खपली काढून पाह्यल्यावानी काऊन करता जी? रविवारी पाहा. एकदाच. बाकी दिवस आपली तालीम करा.”

मी मानलं. तालमीला मधल्याच पट्ट्या लागतात, टोकाकडे जायचं कामच नसतं. पोळ्याच्या रविवारी टिकली बारावीवर आली. त्या दिवशी मी जेवलो नाही. भिंतीकडे तोंड करून पडलो आणि बायकोला म्हणालो, आता मला जगून काय करायचं आहे. ती काही बोलली असेल तर मला ऐकू आलं नाही.

पुढच्या रविवारी तिने पियानो पुसून, सुरू करून, चटईवर मांडून ठेवला होता. मी बसलो. बारावी वाजली. अकरावी दाबली, तीही वाजली. दहावी, बारीक पण वाजली! मी ओरडून तिला बोलावलं. दहावी पुन्हा दाबली. वाजली. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि मी बायकोच्या हातावर डोकं टेकून पोरासारखा रडलो. लसूण लागू पडला, मुळी लागू पडली, कोणता तरी देव पावला. आवाज जरा जड, भरदार वाटत होता. कान उघडले की असं होत असेल, असं मीच मला समजावलं. टिकली दहावीवर आणली.

त्यानंतर दर रविवारी दहावी वाजायची. पुढे सरकत नव्हती, पण मागेही येत नव्हती. मला तेवढं बस होतं. मी कंपनीच्या मालकाला फोन करून सांगितलं, या वर्षी सगळ्या मंडया मीच वाजवणार. पहिलं नाटक चोरखमाऱ्याच्या बाजूच्या एका गावात ठरलं. बायको पियानोच्या पिशवीला आतून मऊ कापड शिवू लागली.

तालीम सडक अर्जुनीला होती, हायवेच्या कडेला एका रिकाम्या गोदामात, भर दुपारी. माझ्या हाताने पियानो सुरू केला आणि बसलो. बाहेरून ट्रक जात होते, त्यांची घरघर मला चांगलीच ऐकू येत होती. गाणारी बाई माझ्याकडे पाठ करून उभी होती. मी सुरुवातीचे सूर वाजवत होतो आणि वाट पाहत होतो की ही कधी उचलते. तबलजीने माझा गुडघा दाबला. तिचं धृपद गाऊन झालं होतं.

सगळे थांबले. बाई वळली, हसून म्हणाली, “मास्तर, चला ना, पुन्हा घेऊ.” पुन्हा घेतलं. या वेळी मी तिच्या खांद्याकडे बघत वाजवलं, श्वास घेतला की खांदा उचलतो. तरी चुकलो.

चहाच्या वेळी मला राहवलं नाही. तबलजीला म्हणालो, कान ठीक आहेत गा माझे, ट्रकांचा त्रास आहे, हे पाहा. आणि दहावी पट्टी दाबली. टक. पुन्हा दाबली. टक. तबलजी म्हणाला, वाजली ना जी. मी एकेक करत खाली आलो. अकरा, बारा, तेरा, चौदा. पंधरावी वाजली.

घडी मिटली, मालकाला बाजूला घेतलं आणि म्हणालो, दुसरा माणूस पहा. त्याने कारण विचारलं नाही. न विचारल्याचंच जास्त लागलं.

बसमध्ये मी पियानो मांडीवर घेऊन बसलो होतो. परवाच्या रविवारी दहावी वाजली होती. दोन दिवसांत पाच पट्ट्या जात नाहीत. कुठे तरी काही तरी माझ्यापासून लपून होतं, आणि ते काय असेल याची मला हळूहळू शंका यायला लागली होती. घरी आल्यावर बायकोने विचारलं, कशी झाली तालीम? म्हणालो, झाली.

रविवारी मी आंघोळीला जातो सांगून मागच्या दाराने वळून आलो आणि पडद्याआड उभा राहिलो. तिने पियानो उघडला. पदराने पुसला. सुरू केला. मग ते बटण, मीच शिकवलेलं, अंगठ्याने दाबू लागली. ओठ हलवत मोजत होती, शिबिरात लसी मोजते तशी. एक, दोन, तीन, चार, पाच. पाचवर थांबली. एका बोटाने टिकलीची पट्टी हळूच वाजवून पाहिली, मान हलवली, आणि मला हाक मारायला वळली.

दहा आणि पाच पंधरा. माझा कान कुठवर आला आहे ते तिला माझ्याआधी ठाऊक होतं. पोळ्यानंतर दोनदा दाबलं असेल, मग तीनदा, मग चारदा. मी बसल्यावर माझ्या तोंडाकडे बघत असेल, जरा अडखळलो की पुढच्या खेपेला एक वाढवत असेल. मला ओरडावंसं वाटलं. पियानो विहिरीत टाकावासा वाटला. तिच्या पाया पडावंसंही वाटलं. मी डोक्यावर दोन तांबे पाणी ओतलं, टॉवेल गुंडाळला आणि पुढच्या दाराने आत आलो.

“या जी, लावून ठेवला.”

बसलो. दहावी दाबली. वाजली, खालच्या कुठल्या तरी पट्टीचा आवाज घेऊन.

“आला का?” ती म्हणाली. मला तिचा आवाज नीट आला नाही, ओठ वाचले.

“आला,” मी म्हणालो.

ती हसली आणि शिवण घेऊन बसली. पिशवीचं काम जवळजवळ संपलंय. मंडईचं मी तिला अजून सांगितलेलं नाही. दिवाळी आठवड्यावर आली आहे, सांगावं लागेलच, पण मग हेही सांगावं लागेल की मी पडद्याआड उभा होतो, आणि मग रविवारी ती माझ्यासाठी पियानो मांडणार नाही. मला तो मांडलेला हवा आहे.

आज पुन्हा रविवार होता. मी आधीच जाऊन पडद्याआड उभा राहिलो. तिने पाचदा दाबलं, टिकलीची पट्टी वाजवली, माझ्या रिकाम्या पाटाकडे थोडा वेळ पाहत बसली. मग आणखी एकदा दाबलं.