दोन्ही बाजूंच्या परेराबाई

बातमी मला कोर्टातच कळली. वसईच्या दिवाणी कोर्टात मी उलटतपासणी सुरू करणार होते, साक्षीदार पिंजऱ्यात उभा होता, आणि समोरच्या बाजूचे वकील नाईक जवळ येऊन हळूच म्हणाले, "सुमनताई, परेराबाई गेल्या. आज पहाटे." मला पहिला प्रश्नच आठवेना. नाईकांनीच कारण सांगून पुढची तारीख मागितली. न्यायाधीश तरुण होते, नुकतेच बदलून आलेले. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आपल्या परेराबाई? वहिवाट शिकवायच्या त्या?" नाईक बाईंचे विद्यार्थी, मी त्यांची विद्यार्थिनी, आणि वर बसलेलेही त्यांच्याच वर्गातले... पिंजऱ्यातला म्हातारा आम्हा तिघांकडे आळीपाळीने बघत राहिला. त्याला काय कळणार, की त्या खोलीतला सगळा कायदा त्या सकाळी पोरका झाला होता.

मी बाईंना पहिल्यांदा पाहिलं तेही याच कोर्टात, पण शत्रुपक्षात. सत्तरच्या दशकाची सुरुवात होती, मी शाळा संपवत होते. भुईगावात आमची केळीची वाडी होती आणि तिला पाणी शेजाऱ्यांच्या विहिरीतून यायचं. आजोबांच्या काळापासून पाळी ठरलेली. शेजाऱ्यांच्या मुलांनी ती बंद केली आणि माझे वडील, अण्णा, कोर्टात गेले. शेजाऱ्यांच्या वकील होत्या गिरीज गावच्या ॲडव्होकेट रेजिना परेरा. काळ्या कोटातली बाई मी तोवर पाहिली नव्हती. आवाज न चढवता त्यांनी अण्णांना विचारलं, "पाणी घेण्याआधी तुम्ही शेजाऱ्यांना विचारायचात?" अण्णा सरळ माणूस. म्हणाले, "विचारल्याशिवाय कसं घेणार? शेजारधर्म आहे." बाई "एवढंच" म्हणाल्या आणि खाली बसल्या. त्या एका उत्तराने आमचा दावा बुडाला. परवानगीने घेतलेल्या पाण्यावर कितीही वर्षांनी हक्क सांगता येत नाही, असा कायदा आहे. आमचे वकील कागद चाळत गप्प राहिले. पुढच्या दोन उन्हाळ्यांत केळी उभ्या उभ्या वाळल्या. अण्णा मात्र बाईंना कधी वाईट बोलले नाहीत. म्हणायचे, "ती आपलं काम करून गेली गं. आपलाच माणूस मुका निघाला. तू वकील हो, पण मुकी होऊ नकोस."

म्हणून मी मुंबईच्या एका लॉ कॉलेजात नाव घातलं. पहिल्या वर्षी वहिवाटीच्या, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीतून वाट किंवा पाणी घेण्याच्या, हक्कांचा तास होता, आणि वर्गात आल्या त्या परेराबाई! चांगली चालती वकिली सोडून त्या शिकवायला लागल्याचं वसईत कानावर आलं होतं. लोक म्हणायचे, बाईंना वेड लागलं, ठाण्यापर्यंतचे अशील सोडून पोरांना शिकवतायत. त्या दिवशी हातात पुस्तक नव्हतं. म्हणाल्या, "एका गावात एक विहीर आहे..." आणि मी ताठ बसले. ती आमची विहीर होती. आधी त्यांनी शेजाऱ्यांची बाजू मांडली, तो प्रश्न, ते उत्तर, सगळं. वर्गाने एकमुखाने निकाल दिला, दावा फेटाळावा. मग त्या फळ्याच्या दुसऱ्या टोकाला गेल्या आणि अण्णांच्या वकील झाल्या. "हा माणूस शेजाऱ्याला काय विचारायचा? 'पाणी घेऊ का' की 'तुमची पाळी झाली का'? पाळी झाली का, हे विचारणं म्हणजे परवानगी मागणं नव्हे. ती हक्काच्या माणसाची रीत आहे. त्याच्या वकिलाने उठून एवढा एकच प्रश्न विचारायला हवा होता." एकेक करून सगळ्या वर्गाने निकाल फिरवला. अण्णा हरले होते ते कोर्ट आणि अण्णा जिंकले ते हे कोर्ट, यांच्यामध्ये मी बसले होते आणि दोन्हीकडे बाईच बोलत होत्या.

तास संपल्यावर मी त्यांच्यापुढे जाऊन नाव सांगितलं. त्यांनी मला निरखून पाहिलं. "राऊतांची मुलगी..." मी विचारलं, "बाई, हे सगळं तुम्हाला तेव्हा माहीत होतं?" "बोलत होते तेव्हाच माहीत होतं," त्या म्हणाल्या. "पण वकिलाला एकाच बाजूला उभं राहता येतं. समोर कोणी बोलणारं असेल तर ते बरोबरच आहे. समोर कोणीच नव्हतं. त्या दिवशी जिंकून घरी गेले आणि जेवण गेलं नाही. म्हटलं, आता समोर उभी राहणारी माणसं तयार करू."

आणि त्यांनी ती केली. शिवाय सुट्टीत वसईच्या वाड्यावाड्यांतून पायी हिंडून जुन्या माणसांना पाण्याच्या पाळ्या, बांध, वाटा यांच्या रीती विचारल्या आणि त्यावर मराठीत ग्रंथ लिहिला. इंग्रजीत का नाही, असं एका प्राध्यापकाने विचारलं, तेव्हा म्हणाल्या, "भांडणं मराठीत होतात."

त्यांची खरी उंची मला कळली ती मी वकिली सुरू केल्यावर. गिरीजच्या यशवंत पाटलांची वाडी आत होती. त्यांची येण्याजाण्याची वाट पुढच्या वाडीच्या बांधावरून. पुढच्या मालकाने तारेचं कुंपण घातलं. हा मालक म्हणजे इनासभाऊ, बाईंचे सख्खे धाकटे भाऊ. बाई अविवाहित, त्यांच्याच घरात राहणाऱ्या. मी त्यांना गाठून म्हटलं, "बाई, मी हा दावा घेत नाही." "यशवंतचा हक्क आहे की नाही?" "आहे." "मग मला कशाला विचारतेस? घे, आणि नीट लढ. फक्त निकाल लागेपर्यंत माझ्या घरी येऊ नकोस."

इनासभाऊंच्या वकिलाने यशवंतकाकांना तोच जुना प्रश्न टाकला, "जाताना मालकाला विचारायचात?" काका म्हणाले, "हो, हाक मारायचो." पण मी मुकी राहिले नाही. फेरतपासणीला उठून विचारलं, "काय म्हणून हाक मारायचात?" काका म्हणाले, "काय म्हणून म्हणजे? 'इनास, चाललो रे!' म्हणून." सगळं कोर्ट हसलं. वाट मोकळी झाली. इनासभाऊ माझ्याकडे न बघता निघून गेले, आणि त्या घरात पुढे काय झालं असेल या विचाराने मला त्या निकालाचा आनंद घेताच आला नाही.

ते मला कळलं परवा, बाईंच्या महिन्याच्या मिस्सेच्या प्रार्थनेनंतर. इनासभाऊ चर्चच्या दारात थांबले होते. "घरी चल," म्हणाले. वाटेत स्वतःहूनच बोलायला लागले. "दावा दाखल झाला तेव्हाच तिनं मला सांगितलं होतं, इनास, तू हरणार. मी ऐकलं नाही. निकालाच्या दिवशी घरी आलो तर ही बांधावर बसून तारा सोडवतेय, बोटांना रक्त. मग मी पक्कड घेऊन दुसऱ्या टोकाला बसलो..."

घरी त्यांनी बाईंची खोली उघडून दिली. मधोमध लांब टेबल, आणि त्याच्या दोन बाजूंना समोरासमोर दोन खुर्च्या. मला वाटलं, एक भेटायला येणाऱ्यांसाठी असेल. इनासभाऊ हसले. "छे! दोन्ही तिच्याच. या खुर्चीत बसून एका बाजूचं लिहायची, मग उठून पलीकडे जायची आणि स्वतःलाच उत्तर द्यायची. आम्ही जेवायला हाक मारली की म्हणायची, थांबा, अजून समोरच्याचं ऐकायचंय."

दोन्ही खुर्च्यांच्या बैठकी सारख्याच झिजल्या होत्या. इनासभाऊ म्हणाले, "बस ना, चहा आणतो." ते गेले, आणि कुठल्या बाजूच्या खुर्चीत बसावं हे न कळून मी टेबलापाशी तशीच उभी राहिले.