सर्वांत छोट्या माशाला बक्षीस

डॉलीने माझ्या हातातली नोटीस घेतली, चष्मा कपाळावर सरकवून शेवटपर्यंत वाचली, आणि तिच्यात चार हेरिंग मासे गुंडाळून आइसबॉक्समध्ये टाकले.

"कागद चांगला जाड आहे तुमच्या डिपार्टमेंटचा," ती म्हणाली. "आमिष गार राहील."

हा गावातला पहिला विरोध. पुढे कळलं, तोच सगळ्यांत सौम्य होता.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा वॉशिंग्टन राज्यात, पश्चिम किनाऱ्यावर, फिशरीज बायॉलॉजिस्ट होते. म्हणजे मासे मोजायचे, आणि कमी भरले की माणसांना जाऊन तसं सांगायचं. पहिलं काम मला मनापासून आवडायचं. दुसऱ्यासाठी डिपार्टमेंट नेहमी मलाच पाठवायचं. पाच फुटांच्या, वेणीवाल्या बाईवर कुणी हात उचलणार नाही, असा माझ्या बॉसचा, गॅरीचा, हिशोब होता.

मासा होता कोहो. सॅमनचीच एक जात. नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला पुन्हा आपल्याच नदीत परततो. परतताना वाटेत हौशी लोक गळ टाकून बसलेले असतात. नदीपर्यंत पुरेसे मासे पोचावेत म्हणून त्यांनी एकूण किती पकडायचे हे आधीच ठरवलेलं असतं. तो कोटा. कोटा भरला की सीझन बंद. त्या सुमारास समुद्राचं पाणी तापलं होतं, माशांचं खाणं आटलं होतं, आणि कोटा मुळातच चिमूटभर होता. धक्क्यावर परतणाऱ्या होड्यांतले मासे आमचे चेकर मोजायचे. त्यांचा आकडा आला आणि आम्ही ठरवलं, शुक्रवारी संध्याकाळी कोहो बंद.

शनिवारी गावाची सॅमन डर्बी होती.

डर्बी म्हणजे मासे पकडायची स्पर्धा. सगळ्यांत मोठा कोहो आणेल त्याला कप. लांबलांबून माणसं येत, मोटेलं भरत. डॉली डर्बीची अध्यक्ष. साठी ओलांडलेली, आवाज भोंग्यासारखा. तिची स्वतःची चार्टर बोट होती, टूरिस्ट लोकांना समुद्रात मासेमारीला न्यायची. गावातली निम्मी घरं याच धंद्यावर चालायची.

"नॅली," ती म्हणाली. माझं नाव नलिनी, पण तिला तेवढा धीर नव्हता. "मांडव घातलाय, वऱ्हाड निघालंय, आणि तू येऊन सांगतेस नवरा मिळणार नाही?"

"नवऱ्याला जगवायचं असेल तर नाही मिळणार."

ती हसली नाही. पण त्याच संध्याकाळी, गुरुवारी, हॉलमध्ये मीटिंग ठेवली. "मला सांगितलंस तसं सगळ्यांना सांग. मी दाराशी उभी राहते, कुणी फेकायला अंडी घेऊन आत येणार नाही एवढं बघते."

इथे शकूमावशीची ओळख करून द्यायला हवी, कारण ती एवढा वेळ माझ्या गाडीत बसून वैतागली होती. माझ्या आईची धाकटी बहीण. मूळची मालवणची, मुक्काम न्यू जर्सीत पिस्कॅटवेला, मुलाकडे. माझ्याकडे सुट्टीला आली होती. समुद्र दाखवते म्हणून मी तिला बरोबर आणलं होतं. तिची एकच अट होती, ताजा मासा. पिस्कॅटवेला फ्रोझन खाऊन खाऊन जिभेवर बर्फ जमलाय, म्हणायची.

"मिळाला का गो मासा?" मी गाडीत बसताच तिने विचारलं.

"मावशी, मी आत्ताच मासेमारी बंद करून आले."

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला बेचाळिसाव्या वर्षी आईला पत्र जाईल अशी भीती वाटली.

हॉल गच्च भरला होता. मी नकाशा लावला, आकडे सांगितले, गेल्या काही वर्षांत नदीत किती मासे परतले ते दाखवलं. लोक ऐकत होते. तेच जास्त भीतीदायक होतं. मग मागून कुणीतरी ओरडलं, "मग शनिवारी पकडायचं काय? डॉगफिश?"

हॉलभर हशा पिकला. डॉगफिश म्हणजे तिथल्या कोळ्यांचा जन्माचा वैरी. हात-दीड हात लांबीचा छोटा शार्क. आमिष खातो, दोर गुंतवतो, पाठीवरचे दोन काटे हातात खुपसतो. सापडला की शिवी हासडून परत पाण्यात फेकायचा, ही रीत.

शेवटच्या रांगेतून मावशीने मराठीत मोठ्याने विचारलं, "नलू, हे कुत्रं कुत्रं काय म्हणतायत?"

"कुत्रं नव्हे मावशी. मोरी. आपली मोरी."

मोरी, म्हणजे शार्क. मालवणकडे मोरीचं मटण म्हटलं की पाहुणा मुक्काम वाढवतो. मावशी ताडकन उभी राहिली.

"यू थ्रो?" तिने सगळ्या हॉलला विचारलं. "मोरी यू थ्रो?"

"येस मॅम," पुढचा एक अवाढव्य माणूस म्हणाला. त्याचं नाव अर्ल. लाकूडतोड्या होता आणि दोन खुर्च्यांवर बसला होता. "चव नाही त्याला. मुतारीसारखा वास येतो."

मावशीला एवढं इंग्रजी कळलं नाही. मी भाषांतर केलं. ती संतापली. "त्याला म्हणावं, पकडल्यावर साफ कोण करणार, तुझा बाप? लगेच पोट फाडून रक्त काढायचं, गरम पाण्यात बुडवून वरची खरखरीत साल खरवडायची. मग आणून दे माझ्याकडे."

मी बापाचा उल्लेख गाळून बाकीचं सांगितलं. शास्त्रही जोडलं. शार्कच्या रक्तात युरिया असतो, मासा पडून राहिला की त्याचा अमोनिया होतो, वास त्याचा. लगेच रक्त काढलं तर वास नाही.

हॉलमध्ये कुजबुज झाली. दाराशी उभी असलेली डॉली हळूच म्हणाली, "नॅली, डॉगफिशवर बंदी आहे?"

"नाही. आजवर कुणी मागितलीच नाही."

मी हॉलच्या ऑफिसातून गॅरीला घरी फोन लावला आणि शनिवारी डॉगफिशचीच डर्बी घेऊ का, असं विचारलं.

"नलिनी, तुला एक सीझन बंद करायला पाठवलं होतं," तो म्हणाला. "तू दुसरा सुरू करतेयस."

"एका दिवसाचा."

"आणि डॉगफिशच्या नावाखाली कोहो लागले तर?"

प्रश्न खरा होता. पण कोहो वरच्या पाण्यात, चालत्या होडीमागे गळ ओढला की लागतो. डॉगफिश तळाशी असतो. मी म्हटलं, "सगळ्यांनी खाडीतच नांगर टाकून थांबायचं. जड शिसं लावून गळ तळाला सोडायचा. गळाच्या टोकाचा उलटा काटा पकडीने दाबून टाकायचा, म्हणजे चुकून कोहो लागलाच तर पाण्यातच सोडता येईल. मी आणि चेकर दिवसभर हजर."

"बरं," तो म्हणाला. मग लगेच, "आणि मोठ्यात मोठ्या डॉगफिशला बक्षीस? त्या सगळ्या माद्या असतात."

खरंच की. डॉगफिश फार सावकाश वाढतो, मादी पिल्लं पोटात दोनेक वर्षं वागवते, आणि सगळ्यांत मोठे मासे म्हणजे बहुतेक गाभण माद्या. एक जात वाचवायला दुसरीच्या लेकुरवाळ्या मारायच्या, हे काही पटेना. मी फोन धरून उभी राहिले आणि एकदम मला हसू फुटलं.

"गॅरी, सगळ्यांत छोट्याला बक्षीस देऊ."

पलीकडे तोही खिंकाळला.

शुक्रवारचा दिवस मावशीच्या ताब्यात गेला. खोबरं शोधलं, तर सुपरमार्केटमध्ये फक्त केकवर घालायचं गोड खोबरं. तिने ते मोटेलच्या बाथटबमध्ये धुऊन धुऊन गोडवा घालवला. मालवणी मसाला आणि कोकम तिच्या बॅगेत होतंच. "माणूस प्रवासाला निघाला की बरोबर काय नेतो?" तिने मलाच विचारलं. मी म्हटलं, टूथब्रश. तो ती विसरली होती.

शनिवारी सकाळी धुकं उठलं आणि खाडीत होड्याच होड्या दिसल्या. सगळ्या नांगरलेल्या. होड्या आपसात बोलतात त्या रेडिओवर आयुष्यात कधी न ऐकलेली भाषा चालू होती.

"माझा बघ, तुझ्यापेक्षा बारीक आहे!"

"हट्, हा तर बैल आहे. सोड त्याला."

"अरे, काय इवलासा लागलाय मला! काय इवलासा!"

जन्मभर दोन्ही हात फाकवून माशाची लांबी वाढवून सांगणारी माणसं आता दोन बोटांत माप दाखवत होती. मी डॉलीच्या बोटीवर होते आणि हसून हसून कठडा धरून उभी होते.

तेवढ्यात डॉलीचा रॉड वाकला. ती नुसताच आमिष लावलेला गळ वर घेत होती आणि वरच्या पाण्यात काहीतरी त्यावर झडपलं होतं. दोर सुसाट धावला. मग बोटीपासून थोड्या अंतरावर तो मासा पाण्याबाहेर उडाला. चांदीची लखलखती पट्टी. कोहो. आणि इतका मोठा कोहो मी एवढ्या वर्षांत मोजला नव्हता.

आजूबाजूच्या होड्या गप्प झाल्या. रेडिओही. सगळे डॉलीकडे बघत होते, आणि तेवढेच माझ्याकडे.

डॉलीने त्याला बोटीपाशी आणला. तिचे ओठ हलत होते. प्रार्थना असेल असं मला वाटलं, जवळ गेल्यावर कळलं, शिव्या होत्या. "बावीस डर्ब्या," ती मला म्हणाली. "बावीस. आणि आज येतोय."

नियम तिला माहीत होता. ती गुडघ्यांवर बसली, माशाला हात न लावता पकडीने गळ फिरवला. गळ सुटला. मासा क्षणभर बोटीच्या सावलीत तसाच उभा राहिला, जणू त्यालाही खरं वाटेना. मग शेपटीचा एक फटका, आणि डॉलीचं तोंड खाऱ्या पाण्याने भिजलं.

खाडीभर भोंगे वाजायला लागले. प्रत्येक होडी वाजवत होती. डॉलीने तोंड पुसलं, पण ते पुन्हा पुन्हा ओलं होत होतं.

"पाणीच जास्त उडालं," ती म्हणाली.

दुपारी धक्क्यावर मोजणी. पट्टी माझ्या हातात. अर्ल आला तो तळहातावर एक वीतभर मासा घेऊन. त्या पंजावर तो मासा सुरमईच्या पिल्लासारखा दिसत होता. त्याच्यामागून बेट शॉपवाला, म्हणजे आमिष विकणारा, आला. त्याचा मासा अर्लच्याहून बोटभर लहान. टाळ्या पडणार तेवढ्यात मी शेपूट पाहिली. ती कात्रीने कापलेली होती.

माशाच्या पोटात शिसं भरून वजन वाढवणारे लोक मी पाहिले होते. शेपूट कापून मासा लहान करणारा पहिलाच. मी त्याला बाद केलं. तो म्हणाला, मासा जन्मापासून तसाच होता. सगळा धक्का हसून गडाबडा लोळला, शेवटी तोही.

अर्लने कप उचलला आणि माशाचा मुका घेतला. काटा गालाला लागला. तसाच तो मावशीच्या रांगेत पहिला उभा राहिला.

मावशीने डॉलीच्या खेकडे उकडायच्या हंड्यात मोरी शिजवली होती. पहिला घास घेतल्यावर अर्ल लाल झाला, डोळे गळू लागले, त्याने अख्खी बिअर रिचवली आणि पुन्हा प्लेट पुढे केली. मग रांग थेट बेट शॉपपर्यंत गेली. मावशी पळी आपटून सगळ्यांना दरडावत होती, "वन पीस! वन पीस ओन्ली!" माझ्यापेक्षा कडक कोटा तिने लावला, आणि तिचा कुणी निषेध केला नाही.

निकाल सांगते. कोहोचा सीझन बंदच राहिला आणि गावाने तो पाळला. शरद ऋतूत आम्ही रबरी बूट घालून नदी चाललो, तेव्हा वरच्या उथळ पाण्यात जोड्या दिसल्या, खडे उकरून अंडी घालणाऱ्या. फार नव्हत्या. पण आमचा अंदाज चुकला तो चांगल्या बाजूने, आणि या धंद्यात असं क्वचित होतं.

पुढच्या उन्हाळ्याआधी मात्र ऑफिसात फोन यायला लागले. मोरी कधी पकडायची? रोज किती चालतील? किनाऱ्यावरच्या एका रेस्टॉरंटने ती मेन्यूवर लावली, भलतंच गोड फ्रेंच नाव देऊन. गॅरी माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला.

"नलिनी, डॉगफिशचा कोटा ठरवायचाय. तूच लिही."

तीस वर्षांच्या नोकरीत मी एवढं शिकले: माशाला खरा धोका गळापासून नसतो. तो चवीला चांगला लागतो हे लोकांना कळलं, की त्याची फाइल उघडावी लागते.